तोडला त्यानं सांधायचा

एका सुताच्या धाग्यापुढे मोटार थांबलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? साखळीपुढे नव्हे, बंदुकीपुढे नव्हे. बोटाच्या एका झटक्याने तुटेल अशा एकेरी धाग्यापुढे?

मी पाहिली आहे. रोज दोन वेळा पाहिली आहे. तो धागा ज्यांनी रस्त्यावर आणला त्या नरसय्यामामांविषयी मला लिहायचं आहे, आणि लिहिणं मला भागच आहे. कारण त्यांच्याविषयी मी यापूर्वी एकदा लिहून छापलं होतं, आणि ते खोटं होतं.

आमचा चौक गिरणीच्या रस्त्यावरचा. एका अंगाला गिरणीचं फाटक, दुसऱ्या अंगाला चाळी आणि तेलुगू विणकरांच्या गल्ल्या. मधून स्टेशनाकडून कुंभारीकडे जाणारा मोटाररस्ता. सकाळी सातच्या भोंग्याला रात्रपाळी बाहेर पडते आणि दिवसपाळी आत शिरते. संध्याकाळी साडेपाचला उलट. त्या वेळी रस्त्यावर माणसांचा पूर असतो. डोळ्यांत झोप, कडेवर पोर, हातात भाकरीचं गाठोडं. आणि नेमक्या त्याच वेळी सर्व्हिस मोटारी एकमेकींच्या आधी उतारू गाठायला धावत येत.

भोंग्याच्या थोडं आधी नरसय्यामामा यायचे. गुडघ्यापर्यंत धोतर, बिनबाह्यांची बंडी, कानावर अर्धी विडी. बरोबर त्यांची बायको पोशव्वा. मामा कडुनिंबाखाली उभे राहायचे, पोशव्वा समोरच्या चहाच्या दुकानाच्या पायरीपाशी. कमरेला खोचलेली लाल सुताची कांडी काढून मामा टोक तिच्याकडे पोचवायचे. चौकाच्या दुसऱ्या बाजूला असाच आणखी एक धागा, तो धरायला आणखी दोन माणसं. कधी परीट, कधी फुलवाला, कधी शाळेचा घंटा देणारा शिपाई. भोंगा झाला की दोन्ही धागे छातीइतके वर. मोटारी, टांगे, बैलगाड्या धाग्यापलीकडे. मधल्या मोकळ्या पट्ट्यातून माणसं जात. शेवटचं माणूस गेलं की धागे जमिनीवर, आणि मोटारी पुढे.

बाहेरगावच्या वाचकाला हे खरं वाटणार नाही, म्हणून पांजणीविषयी सांगतो. मागावर चढवण्याआधी ताण्याचं सूत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणतात, त्याला खळ लावतात आणि कुंच्याने विंचरत वाळवतात. एवढी लांब जागा कुणाच्या घरात असणार? म्हणून पांजणी रस्त्यातच होते. तेवढा वेळ गल्ली बंद. टांगा येवो की वरात येवो, वळसा घालून जाते. कुणाच्या चाकाने किंवा खांद्याने धागा तुटलाच, तर त्याला कुणी शिवी देत नाही, दंड मागत नाही. फक्त काम थांबतं. सगळी गल्ली कुंचे हातात धरून त्याच्याकडे बघत राहते. त्याने खाली बसायचं आणि तुटलेली टोकं आपल्या हाताने सांधायची. येत नसेल तर तिथेच शिकायचं. 'तोडला त्यानं सांधायचा' हा त्या गल्ल्यांचा कायदा आहे, आणि तो कोणत्याही कौन्सिलात पास झालेला नाही. सोलापुरात वाढलेला प्रत्येक टांगेवाला आणि ड्रायव्हर लहानपणापासून ताणलेलं सूत पाहून थबकायला शिकलेला आहे. नरसय्यामामांनी एवढंच केलं, गल्लीतला कायदा हमरस्त्यावर आणला.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो भांडायला. माझे वडील शाळामास्तर. मी एका छापखान्यात खिळे जुळवायला होतो आणि रिकाम्या वेळात पत्रकं लिहीत होतो. वय बावीस. जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याजवळ एका पानात, दोन्ही बाजूंनी छापलेली होती. नरसय्यामामांच्या शेजारी चौकात पोलीस उभा असायचा, आणि मामा त्याच्याशी हसून बोलायचे, हे मला सहन होत नव्हतं. कारण मामांची जुनी हकीकत मला ठाऊक होती.

तीस सालच्या उन्हाळ्यात आमच्या गावात गोळीबार झाला, आणि मग काही दिवस पोलीस रस्त्यांवरून नाहीसेच झाले. ते दिवस आठवत असलेला माणूस सोलापुरात अजून मान ताठ करून बोलतो. गाव लुटलं जाईल असं म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून गाव नीट चाललं. लोकांनीच रस्ते सांभाळले. तेव्हा नरसय्यामामा गिरणीत साचेवाले, म्हणजे यंत्राचे माग चालवणारे, होते. ते गल्लीतून लाल धागा घेऊन बाहेर पडले आणि या चौकात गाड्या थांबवू लागले. मग लष्कर आलं, आणि ज्यांनी रस्ता सांभाळला त्यांनाच शिक्षा झाल्या. मामांना विचारण्यात आलं, "गाड्या थांबवायचा अधिकार तुला कोणी दिला?"

मामा म्हणाले, "भोंगा."

या एका शब्दाबद्दल त्यांना सक्तमजुरी झाली. तुरुंगात त्यांना सतरंज्या विणायला बसवलं. ते सांगत, "सरकार लई दयाळू. मला माझाच काम शिकवायला माणूस ठेवला. तो बिचारा माझ्याकडून शिकून गेला." सुटून आले तेव्हा गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. घरचा हातमाग होता, त्यावर ते आणि पोशव्वा लुगडी विणू लागले.

मग एका सकाळी चौकात त्यांच्या शेजारची शिवम्मा मोटारीखाली आली. कांड्या भरायच्या खात्यातली बाई. फाटक वीस पावलांवर राहिलं होतं. गाडी थांबलीसुद्धा नाही. सरकारने त्यानंतर चौकात एक शिपाई नेमला. एक. त्या पुरात तो बिचारा शिट्टी वाजवत गरगर फिरायचा. तिसऱ्या दिवशी मामा कांडी घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

तर मी भांडायला गेलो. भोंग्याची वेळ होती. मी सरळ म्हटलं, "मामा, ज्यांनी तुमच्या पायांत बेडी घातली, त्यांच्याच पोलिसाची चाकरी करायला लाज वाटत नाही?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग चौकाच्या पलीकडे पाहिलं. दुसऱ्या धाग्याचा परीट आलेला नव्हता. त्यांनी मला दंडाला धरून तिकडे नेलं आणि टोक माझ्या बोटांत दिलं.

"धर की, नायना. भांडताना हात रिकामा कशाला ठेवतो?"

नायना म्हणजे तेलुगूत बाबा. लहानालाही लाडाने म्हणतात. मी काही बोलायच्या आत ते आपल्या कडुनिंबाखाली परतले आणि भोंगा झाला. एक सर्व्हिस मोटार धुरळा उडवत आली आणि माझ्या छातीपासून दोन हातांवर करकचून थांबली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मला शिवी दिली, पण धाग्याला त्याने टायर लावला नाही. माझ्या पाठीमागून माणसं जात होती. एका म्हातारीने जाता जाता माझा खांदा आधाराला धरला आणि सोडला. इतक्या पत्रकांनी मला जे कधी दिलं नव्हतं, ते त्या म्हातारीच्या हाताने दिलं, पण हे मला तेव्हा कळलं नाही.

धागा उतरल्यावर मी मामांपाशी गेलो. ते म्हणाले, "आता बोल. आता जे लोक गेला, त्यात सरकार कोण होता? तू बघितला का? मला दिसला न्हाय." त्यांच्या मराठीत बाई, मोटार, गिरणी सगळे पुरुषच असत.

शेजारचा पोलीस हसला. तो गणपत, जेऊरकडचा शेतकऱ्याचा मुलगा. तो म्हणाला, "तुमी मास्तरांचं पोरगं, ह्यांच्या नादी लागू नगा. ह्यांना त्या साली मीच धरून न्हेलतं. वाटंत मला म्हणत्यात, दादा, हळू चला, पाय दुखतील तुमचं. आता सांगा, कैदी कोण आन् शिपाई कोण?"

"तू लई घाईत होता," मामा म्हणाले. "घाईत असलेल्या माणसाचा भरवसा न्हाय. मोटारच्या खाली येतो."

पोशव्वा समोरच्या पायरीवरून ओरडली, "दोघं तिथं गप्पा मारा आणि मी इथं खांबासारखी उभी! पुढच्या जन्मी मी पोलीस होणार, आधी ह्यांनाच धरणार!" आणि तिने धाग्याला असा हिसका दिला की मामांच्या हातातली कांडी उडाली. त्यांचं सगळं भांडण त्या धाग्यावरून चाले. ती खूश असली की धागा सैल असे.

मी रोज चौकात जाऊ लागलो. परीट आलेला असला तरी जाऊ लागलो. पण माझ्या मनातली आग गेली नव्हती. मी मामांना म्हटलं, "धाग्यावर आपलं निशाण लावू. लोकांना कळू दे हा धागा कुणाचा."

"कुणाचा?"

"देशाचा."

"मग देश दिसतो की इथं चालताना. त्याला निशाण दाखवून काय करू?"

मी म्हटलं, "मामा, हा धागा म्हणजे नुसता धागा नाही. हे ऐक्याचं चिन्ह आहे."

मामांनी धागा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "वीस नंबरी सूत हाय. पक्का रंग. चिन्ह-बिन्ह काय न्हाय."

त्याच सुमारास पोलीस कचेरीतून निरोप आला. साहेबाला धाग्याचं काम पसंत होतं. धागा धरणाऱ्यांनी कचेरीत येऊन सही करावी, पितळी बिल्ले घ्यावेत, आणि हुकुमाप्रमाणे उभं राहावं. गणपतनेच बिल्ला आणला होता, चकचकीत घासून. मामांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला आणि परत दिला.

"चांगला हाय. पण हे लावला की हुकूम होईल तेव्हाच उभा राहायचा. आणि उद्या हुकूम झाला, नको उभा राहू, तर? शिवम्मा हुकूम बघून मेला न्हाय."

बिल्ला नको म्हणाले याचा मला आनंद झाला. निशाणही नको म्हणाले होते, याचा राग उरला होता. बावीस वर्षांच्या माणसाला आनंदापेक्षा राग लवकर छापता येतो. मी एक पत्रक काढलं. नाव दिलं, 'पोलिसांचा धागा'. त्यात लिहिलं की तुरुंगातून सुटलेली काही माणसं तुरुंगाचं कुलूप बरोबर घेऊन बाहेर येतात. की जी माणसं पोलिसाच्या सावलीत उभी राहतात ती अखेर पोलिसाच्याच उंचीची होतात. नाव घातलं नव्हतं. घालायची गरज नव्हती. वाक्यं चांगली होती, हे मी आजही सांगतो, आणि म्हणूनच त्यांची जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मामा भोंग्याआधी माझी वाटच पाहत होते. हातात पत्रक. त्यांना तेलुगू अक्षरं येत, मराठी येत नसत.

"हे तू लिहिला म्हणे. वाच की."

"मामा, इथं?"

"मग कुठं? चौकातच वाटला ना?"

मला वाचावं लागलं. टांगेवाले जमले, चहाच्या दुकानातली माणसं कपबशा घेऊन बाहेर आली. गणपत पगडी सरळ करून ऐकू लागला. मी पहिली ओळ मोठ्याने वाचली, दुसरी जरा हळू, आणि कुलुपाच्या वाक्यापर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येईना. "मोठ्यानं," मामा म्हणाले, "मागच्या लोकांना ऐकू येत न्हाय." मी शेवटपर्यंत वाचलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मामांनी कानावरची विडी काढली, पेटवली नाही, परत ठेवली. म्हणाले, "चांगला लिहिला. हात चांगला हाय तुझा. पण एक राहून गेला."

"काय?"

"भोंगा किती वाजता होतो ते लिहिला न्हाय. माणूस वाचेल, त्याला राग येईल, चौकात येईल. कधी येईल? वेळ नको लिहायला?"

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातात धाग्याचं टोक दिलं. पलीकडून पोशव्वा म्हणाली, "त्याच्या हातात नका देऊ, कुलूप लावील!" तेव्हा मात्र सगळा चौक हसला, आणि त्या हसण्यात मला कुठेतरी उभं राहायला जागा मिळाली.

खरं संकट त्यानंतर आलं. सर्व्हिस मोटारींचा एक मालक होता, आम्ही त्याला मोटारशेठ म्हणायचो. त्याचा आजा याच गल्ल्यांत पांजणी करायचा. बापाने माग सोडून सुताचा व्यापार धरला, आणि मुलाने मोटारी घेतल्या. त्याच्या गाड्या रोज दोन वेळा धाग्यापाशी अडत आणि दुसऱ्याच्या गाड्या मागच्या रस्त्याने उतारू पळवत, असं त्याचं म्हणणं. तो वर जाऊन बोलला. बिल्ला नाकारल्याचा राग साहेबाच्या मनात होताच. हुकूम निघाला की सोमवारपासून रस्त्यावर कसलाही धागा, दोरी, अडथळा धरता कामा नये. धरणाऱ्याला अटक होईल.

हुकूम सांगायला गणपत रविवारी दुपारी मामांच्या घरी आला. मी तिथेच होतो. मामा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. गणपत उंबऱ्यातच उकिडवा बसला.

"मामा, उद्या येऊ नगा."

धोट्याचा आवाज चालूच राहिला.

"तुमचं वय बघा. छातीत तो खोकला. ह्या टायमाला तितं न्हेलं तर माघारी येणार न्हाय तुमी. मला दुसऱ्यांदा धरायला लावू नगा. म्या हात जोडतो."

मामांनी माग थांबवला. "गणपत, उद्या भोंगा होणार काय?"

"व्हनार की."

"लोक येणार काय?"

"येनारच."

"मोटार येणार काय?"

गणपतने पगडी काढून मांडीवर ठेवली.

"मग मी एकटाच कशाला येऊ नको?" मामा म्हणाले, आणि माग पुन्हा चालू झाला.

पोशव्वाने गणपतपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. म्हणाली, "धरायचं असेल तर दोघांना धर हो भाऊ. धाग्याला दोन टोकं असतात. एकाला नेऊन काय उपयोग?"

सोमवारी सकाळी चौक निराळाच होता. बातमी सगळ्या चाळींत पसरली होती. दिवसपाळीची माणसं लवकर येऊन चाळींच्या बाजूला उभी होती. दुसरा धागा त्या दिवशी मी आणि परीट धरणार होतो. मी आजवर अटकेविषयी पुष्कळ लिहिलं होतं, तिची वाट कधी पाहिली नव्हती.

भोंगा झाला. धागे वर झाले. रात्रपाळी फाटकातून बाहेर आली, दिवसपाळी चाळींकडून निघाली. आणि स्टेशनाच्या बाजूने मोटारशेठची नवी गाडी आली. पुढे स्वतः शेठ बसलेला. ड्रायव्हर नवा, परगावचा. त्या माणसाने आयुष्यात पांजणी पाहिली नव्हती. त्याच्या डोळ्यांना तो धागा दिसलाच नसेल, किंवा दिसून त्याला त्यात थांबण्यासारखं काही वाटलं नसेल. गाडी धागा तोडून आत आली, बायका किंचाळल्या, आणि शेठने ड्रायव्हरचा हात धरून ओरडल्यावर ती थांबली. एका बाईचं भाकरीचं गाठोडं चाकाखाली चेंगरलं होतं. गाठोडंच फक्त. एक हात पुढे ती बाई उभी होती.

मी ओरडणार होतो. माझ्या तोंडात वाक्यं तयार होती. पण मामा एकही शब्द न बोलता पुढे गेले, रस्त्यावर पडलेलं धाग्याचं टोक उचललं, समोरून पोशव्वा दुसरं टोक घेऊन आली, आणि दोघं गाडीच्या पुढच्या चाकांसमोर खाली बसली. दोन्ही टोकं त्यांनी जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली.

"तोडला त्यानं सांधायचा," मामा म्हणाले.

चौक जागच्या जागी थांबला. बाहेर पडलेली रात्रपाळी घरी जाईना आणि आत जायची दिवसपाळी आत जाईना. पांजणीच्या गल्लीत धागा तुटल्यावर जसं काम थांबतं, तसं. कुणी घोषणा दिली नाही. हजेरीचा दुसरा भोंगा झाला तरी कुणी हललं नाही. आतून साच्यांचा आवाज यायला हवा होता, तो येत नव्हता. त्या शांततेत पहिल्यांदा मला झाडावरचे कावळे ऐकू आले.

ड्रायव्हर म्हणाला, "काय वेड्यांचा गाव आहे! सुतासाठी?"

शेठ गाडीतूनच ओरडला, "शिपाई! हुकूम ठाऊक नाही? उचल यांना!"

गणपत पुढे आला. त्याचा चेहरा घामाने भिजला होता. तो मामांपाशी उभा राहिला, धाग्याच्या टोकांकडे पाहून मग शेठकडे वळला.

"उचलतो की शेट. माझी नोकरीच हाय ती. पर मला एक सांगा. म्या शेतकऱ्याचं पोर, मला काय सूत सांधता येत न्हाय. ह्यांना न्हेलं तर मागं हे सांधणार कोन? आन् ही माणसं तर हलायची न्हाईत."

पोशव्वाने मान वर केली. "येतं की शेठला. ह्याच्या आज्याच्या पांजणीला माझी सासू कुंचा धरायची. का रे बाबा, मोटारीत बसून हात विसरला का?"

गर्दीतून कुणीतरी हसलं. शेठचा चेहरा लाल झाला. तो गाडीचं दार उघडून उतरला, तेव्हा मला वाटलं, हा आता म्हाताऱ्यावर हात टाकणार. त्याने इकडे तिकडे पाहिलं. सगळा चौक त्याच्याकडे बघत होता. रागाने नव्हे, फक्त बघत होता, जसं त्याच्या आज्याच्या गल्लीत बघतात. त्या नजरेपुढे कसं उभं राहायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. कसं बसायचं, तेवढं शिकवलं होतं.

तो बसला. पांढऱ्या धोतरासकट धुळीत बसला. टोकं उचलली, बोट जिभेला लावून ओलं केलं, पीळ उलगडला, दोन्ही टोकं एकात एक घालून एकदाच वळली. गाठ नव्हे, सांधा. बोट फिरवलं तरी हाताला लागत नाही असा. मामांनी धागा अंगठ्याखालून ओढून पाहिला.

"आज्याचा हात हाय," ते म्हणाले. "फुकट मोटार चालवतो."

धागा वर झाला. गाडी मागे सरली. माणसं गेली, आत आणि बाहेर. शेवटची बाई ओलांडल्यावर धागा जमिनीवर आला, आणि गणपत मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रस्ता मोकळा हाय. हितं अडथळा कुटं हाय? मला तर दिसत न्हाय."

हुकूम कुणी मागे घेतला नाही. तो कचेरीत तसाच राहिला, आणि धागा चौकात तसाच राहिला. महिन्याभरात गणपतची बदली नातेपुत्याला झाली. जायच्या दिवशी तो साध्या कपड्यांत, डोक्याला फेटा बांधून चौकात आला आणि त्याने एकदा माझ्या जागी उभं राहून धागा धरला. म्हणाला, "इतकी सालं शिट्टी वाजीवली. कुनी ऐकली न्हाय. ह्यो आवाज बी करत न्हाय, आन् ऐकत्यात." मामांनी त्याच्या खिशात एक लाल कांडी टाकली. "नातेपुत्यात मोटार हाय का?" "लई हायत." "मग ठेव."

मामांचा खोकला पुढच्या थंडीत वाढला. साच्यावरच्या कापसाने छाती आधीच पोखरलेली, त्यात तुरुंग. शेवटचे काही आठवडे ते धागा धरायला येत नसत, अंथरुणावरून भोंगा ऐकत आणि पोशव्वा परतली की विचारत, "सगळा गेला काय?" ती म्हणे, "सगळे गेले." मग ते झोपत. मी एकदा त्यांना म्हटलं की तुमच्यावर मी लिहिणार, पूर्वीचं खोडून काढणार. ते म्हणाले, "खोडू नको. लिहिला ते लिहिला. तुटला तर सांधायचा, लपवायचा न्हाय." आणि जरा वेळाने, "वेळ लिही."

ते गेले त्या दिवशी अंत्ययात्रा संध्याकाळी निघाली. स्टेशनाच्या बाजूने चौकात आली, आणि साडेपाचचा भोंगा झाला. तिरडी खांद्यांवर, पुढे मडकं धरलेला पुतण्या, मागे सगळी गल्ली. पुढच्या माणसांनी वाटेत थांबायचं नाही म्हणून पाय उचलले. तोवर चौकापर्यंत चालत आलेली पोशव्वा पुढे झाली. डोळे कोरडे. कमरेची कांडी काढून तिने टोक माझ्या हातात दिलं, आपण समोर जाऊन उभी राहिली, आणि धागा तिरडीपुढे वर केला.

"थांबा," ती म्हणाली. "भोंगा झालाय."

कुणी म्हणालं, "अगं, मयत आहे."

"मग त्यांना तर घाई नाही."

तिरडी थांबली. गिरणी सुटली. माणसं फाटकातून बाहेर येत होती, तिरडी पाहत होती, ओळखत होती, आणि रोजच्यासारखी रस्ता ओलांडत होती. काहींनी चालता चालताच हात जोडले. नरसय्यामामा धाग्यापलीकडे थांबून राहिले. शेवटचं माणूस गेल्यावर पोशव्वाने धागा खाली टाकला, तेव्हा ते पुढे गेले.

याला आता दोन वर्षं झाली. पोशव्वा अजून येते. तिचे गुडघे दुखतात आणि ती मला रोज शिव्या देते. परीट कुंभारीला मुलाकडे गेला, फुलवाला आजारी आहे. मोटारी मात्र वाढल्या आहेत, आणि गावात असे चौक एक नव्हे, अनेक आहेत, जिथे एक शिपाई आहे आणि धागा नाही. कुणी म्हणेल, हे सरकारचं काम आहे. असेल. सरकारने ते करेपर्यंत चाकाखाली कोण येणार आहे, सरकार?

म्हणून वाचकहो, एवढं करा. भोंगा सकाळी सातला आणि संध्याकाळी साडेपाचला होतो. पाच मिनिटं आधी या. बिल्ला लागत नाही, टोपी लागत नाही, माझ्याशी मत जुळावं लागत नाही. भांडायचं असेल तर जरूर भांडा. माझ्या समोरचं टोक कित्येकदा झाडाला ठोकलेल्या खिळ्याला बांधावं लागतं. या, आणि ते हातात धरा.